रुग्णाचे ज्ञापकत्व आणि वैद्याचे श्रवण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेच्या चार पादांचे वर्णन आले आहे. त्यांपैकी रुग्णाच्या ठिकाणी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे गुण अपेक्षिले आहेत. ज्ञापकत्व म्हणजे स्वतःला होणारा त्रास नीट सांगता येणे. वाग्भटांनीही रुग्णाच्या गुणांत ज्ञापकाचा समावेश केला आहे. मात्र सांगणाऱ्याला ऐकणारा मिळाला नाही, तर हा गुण प्रकट कसा व्हावा?

अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत चिकित्सक त्याचे बोलणे तोडतात, असे आढळले. २००१ मध्ये डॉ. रीटा शेरॉन यांनी रुग्णकथनावर आधारलेल्या वैद्यकाची संकल्पना मांडली. आपल्या शास्त्रात दर्शन व स्पर्शन यांच्या जोडीला प्रश्नपरीक्षा प्रथमपासूनच आहे.

निदानपंचकाचा विचार केला तरी हेच दिसते. नाडी आणि जिव्हा आजची अवस्था दाखवितात. पूर्वरूपे मात्र रुग्णाच्या स्मृतीत असतात आणि उपशय-अनुपशय त्याच्याच अनुभवातून कळतात. एखादी वृद्धा ‘भूक लागत नाही’ म्हणते आणि आपण अग्निमांद्य लिहून मोकळे होतो. तिला आणखी थोडे बोलू दिले, तर पतीच्या निधनानंतर एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही, हे कळते. दीपन-पाचन द्रव्ये तेथे उपयोगी पडतीलही. परंतु शोक हा हेतू नजरेआड राहिला, तर चिकित्सा अपुरीच राहील.

यासाठी काही साध्या गोष्टी आपणा सर्वांना करता येतील. रुग्णाचे पहिले निवेदन मध्ये न थांबविता ऐकावे. ‘जीव घाबरा होतो’, ‘पोटात आग पडते’ हे त्याचे शब्द शास्त्रीय संज्ञेच्या शेजारी जसेच्या तसे नोंदवावेत. सुनेच्या वतीने सासू किंवा वडिलांच्या वतीने मुलगा बोलत असेल, तर रुग्णाशी काही क्षण स्वतंत्रपणे बोलावे. शेवटी आपणांस काय समजले, ते त्याला सांगून खात्री करून घ्यावी. विश्वासाने सांगितलेली गोष्ट चिकित्सालयाबाहेर जाऊ देऊ नये.

औषध लिहून देण्यापूर्वीच्या या चार-पाच मिनिटांत रुग्णाला आपण केवळ व्याधीचे आश्रयस्थान नसून एक माणूस आहोत, याची प्रचिती येते. ती त्याला मिळवून देणे हे वैद्याचे कर्तव्यच होय.