स्कूबा प्रशिक्षणातील साधनखरेदी

स्कूबा प्रशिक्षणातील साधनखरेदी म्हणजे हौशी स्कूबा डायव्हिंगचे प्रमाणपत्र घेणाऱ्या विद्यार्थ्याने कोणती साधने स्वतः विकत घ्यावीत आणि कोणती प्रशिक्षण केंद्राने पुरवावीत, यासंबंधीचे केंद्रांचे धोरण होय. हे धोरण देशोदेशी आणि केंद्रागणिक वेगळे असते. सातारा व सांगली या समुद्रकिनारा नसलेल्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष समुद्रातील प्रशिक्षणासाठी मालवण, तारकर्ली, गोवा, कर्नाटकातील मुरुडेश्वर किंवा अंदमान येथे जावे लागते. त्यामुळे खरेदीचा निर्णय, साधनांची देखभाल आणि घाटमाथ्यावरचा परतीचा प्रवास हे तिन्ही प्रश्न त्यांच्या बाबतीत एकमेकांत गुंतलेले असतात.

पार्श्वभूमी

जाक-इव्ह कुस्तो व एमिल गान्यॉं यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये विकसित केलेल्या श्वसनयंत्रामुळे पाण्याखाली स्वतंत्रपणे वावरणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. पुढे हौशी डायव्हिंगचे शिक्षण देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. त्यांपैकी पाडी ही संस्था १९६६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. अमेरिकेत प्रशिक्षण प्रामुख्याने साधनविक्रीच्या दुकानांतूनच दिले जाऊ लागले. शिकवणीचे शुल्क कमी ठेवायचे आणि नफा साधनविक्रीतून मिळवायचा, ही पद्धत तेथे रूढ झाली. मास्क, स्नॉर्केल, फिन व बूट विद्यार्थ्याने स्वतः आणावेत, ही अट त्याच व्यवस्थेतून आली. भारतातील केंद्रे बहुतांशी पर्यटनस्थळी असल्याने येथे साधनांचे भाडे साधारणतः अभ्यासक्रमाच्या शुल्कातच धरलेले असते.

प्रमाणपत्र आणि मानके

प्राथमिक ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्राने १८ मीटर खोलीपर्यंत जोडीदारासह डायव्हिंग करता येते. पाडीच्या अभ्यासक्रमात सिद्धान्त, तरणतलावासारख्या बंदिस्त पाण्यातील सराव आणि खुल्या पाण्यातील चार बुड्या असे तीन भाग असतात. विद्यार्थ्याला २०० मीटर पोहून (किंवा मास्क, फिन व स्नॉर्केलसह ३०० मीटर) आणि १० मिनिटे तरंगून दाखवावे लागते. किमान वय १० वर्षे आहे.

स्वतंत्र डायव्हरच्या प्रशिक्षणासाठी ‘आयएसओ २४८०१-२’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. प्रशिक्षणात कोणती साधने वापरावीत हे मानक ठरवते. ती कोणाच्या मालकीची असावीत हे ठरवत नाही. म्हणूनच ‘प्रमाणपत्रासाठी खरेदी अनिवार्य आहे’ असे एखाद्या केंद्राने सांगितल्यास ती त्या केंद्राची अट असते, प्रमाणपत्राची नव्हे.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांसाठी घेतल्या जाणाऱ्या अल्पकालीन बुडीत प्रशिक्षक सर्व वेळ सोबत असतो आणि सर्व साधने पुरवली जातात. हा केवळ अनुभव असून त्यातून स्वतंत्र डायव्हिंगचे प्रमाणपत्र मिळत नाही. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम कित्येक दिवसांचा असतो. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे.

साधनांचे प्रकार

शरीराला चिकटणारी साधने: मास्क, स्नॉर्केल, फिन आणि बूट ही साधने मापाने बसावी लागतात, म्हणून खरेदीची अट बहुधा यांच्यापुरतीच असते. मास्क बसतो की नाही हे पाहण्यासाठी तो पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवतात आणि नाकाने हलका श्वास आत घेतात; हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप योग्य समजतात. पोहण्याचा चष्मा येथे चालत नाही. त्यात नाक झाकलेले नसल्याने खोलीवर वाढणारा दाब नाकातून हवा सोडून समतोल करता येत नाही आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. चष्मा असणाऱ्यांसाठी नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. असा मास्क भाड्याने मिळण्याची खात्री नसल्याने त्यांच्या बाबतीत खरेदी सयुक्तिक ठरते.

जीवनाधार साधने: रेग्युलेटर, पर्यायी श्वासनळी, दाबमापक आणि तरंगशक्ती नियंत्रित करणारे जाकीट यांचा या गटात समावेश होतो. ती महाग असतात आणि रेग्युलेटरची प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून साधारणपणे दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच समुद्रावर जाणाऱ्याला तपासणीचा खर्च व साठवण यांचा विचार करता भाडे परवडते. शिवाय सिलिंडरच्या झडपेला रेग्युलेटर जोडण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. केंद्रातील सिलिंडर दुसऱ्या पद्धतीचे असल्यास स्वतःचा रेग्युलेटर जोडणीच्या सुट्या भागाशिवाय निरुपयोगी ठरतो.

सिलिंडर व वजने: ही विद्यार्थ्याने घेण्याची प्रथा जवळपास कोठेही नाही. भारतात दाबयुक्त वायूचे सिलिंडर ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ यांच्या कक्षेत येतात. या नियमांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना (पेसो) करते. सिलिंडर मान्यताप्राप्त प्रकारचे असणे, त्यांची ठरावीक मुदतीने चाचणी होणे आणि भरणाऱ्याकडे परवाना असणे आवश्यक असते.

खरेदीच्या अटीची बाजू

अटीच्या समर्थनार्थ तीन कारणे दिली जातात. पहिले म्हणजे मापाचे: पाणी शिरणाऱ्या मास्कमुळे नवशिक्या विद्यार्थी घाबरतो आणि घाबरून वेगाने वर येणे हा डायव्हिंगमधील गंभीर धोका आहे. दुसरे आरोग्याचे: स्नॉर्केल तोंडात धरावे लागते. तिसरे सवयीचे: ज्या साधनावर सराव केला तेच समुद्रात वापरले तर चुका कमी होतात. सिद्धान्त व तलावातील सराव एका केंद्रात आणि समुद्रातील बुड्या दुसऱ्या केंद्रात अशी विभागणी करता येते. अशा वेळी स्वतःचा मास्क व फिन दोन्हीकडे उपयोगी पडतात.

उलट बाजूने असे म्हटले जाते, की पाण्यात न उतरलेल्या विद्यार्थ्याला साधनांची पारख नसते. पहिल्या दिवशी दुकानात आवडलेले फिन चौथ्या बुडीला जड वाटू शकतात. याशिवाय, एकाच दुकानातून खरेदीची सक्ती असल्यास शिकवणीचे शुल्क जाहिरातीत कमी दिसते, पण प्रत्यक्ष खर्च वाढतो.

ग्राहक कायद्यातील तरतुदी

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४१) मध्ये ‘प्रतिबंधक व्यापारी प्रथा’ या संज्ञेची व्याख्या आहे. एखादी सेवा मिळण्यासाठी दुसरी वस्तू विकत घेण्याची पूर्वअट घालणे या व्याख्येत येते. विशिष्ट दुकानातूनच साधने घेतल्यास प्रवेश देऊ, ही अट या तरतुदीच्या आधारे आव्हानास पात्र ठरू शकते. मात्र विद्यार्थ्याने आणलेले नादुरुस्त वा मापात न बसणारे साधन सुरक्षेच्या कारणावरून नाकारणे ही वेगळी बाब आहे. तो प्रशिक्षकाचा अधिकारच नव्हे तर कर्तव्यही असते.

पूर्वी तक्रार सामान्यतः विक्रेता जेथे व्यवसाय करतो तेथे किंवा वादाचे कारण जेथे घडले तेथेच दाखल करावी लागत असे. नव्या अधिनियमाच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही ती दाखल करता येते. त्यामुळे वाई किंवा तासगाव येथील विद्यार्थ्याला सिंधुदुर्ग वा गोव्यातील केंद्राविरुद्ध अनुक्रमे सातारा किंवा सांगली येथील जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. तक्रारीची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. व्यापारी हेतूने केलेली खरेदी या अधिनियमाच्या संरक्षणाबाहेर असली, तरी केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरण्याच्या वस्तूंना हा अपवाद लागू होत नाही. मालवणात व्यवसाय करू पाहणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

परतीचा प्रवास आणि डाइव्ह कॉम्प्युटर

बुडीच्या काळात शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी उंचीवर गेल्यास हवेचा दाब कमी होऊन त्याचे बुडबुडे बनू शकतात व डिकम्प्रेशन आजार होऊ शकतो. यासाठी विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे, अशी शिफारस आहे. ती विमानाच्या केबिनमधील दाब ६१० ते २,४३८ मीटर उंचीवरील दाबाइतका असतो तेव्हा लागू होते. घाटरस्त्यांनाही हा विचार लागू पडतो. आंबोली सुमारे ६९० मीटर, सातारा सुमारे ७४२ मीटर आणि महाबळेश्वर सुमारे १,३५३ मीटर उंचीवर आहे. सांगली सुमारे ५४९ मीटरवर असली, तरी तेथे पोचण्यासाठी आधी घाटमाथा चढावा लागतो. दुपारी शेवटची बुडी मारून त्याच संध्याकाळी गाडीने परत निघणे म्हणूनच टाळण्याजोगे आहे. मालवणात एक रात्र मुक्काम केल्यास हा धोका कमी होतो.

बुड्यांची नोंद ठेवणारा डाइव्ह कॉम्प्युटर किती काळ उंचीवर जाऊ नये हेही दाखवतो. तो भाड्याचा असल्यास शेवटच्या बुडीनंतर परत केला जातो आणि ही माहिती विद्यार्थ्याकडे उरत नाही. यंत्र परत करण्यापूर्वी तो आकडा व बुडीची वेळ नोंदवहीत लिहून घेणे उपयुक्त ठरते. या भागातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत मास्कनंतरची पहिली खरेदी डाइव्ह कॉम्प्युटरची असावी, या मताला हाच आधार आहे.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर आहे. ३०० मीटरपेक्षा अधिक उंचीवरील डायव्हिंगला समुद्रासाठीची कोष्टके जशीच्या तशी लागू होत नाहीत. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण व उंचीनुसार जुळवून घेणारा कॉम्प्युटर लागतो.

नदीतील शोधकार्य

हौशी प्रमाणपत्र व त्यासाठी घेतलेली साधने महापुरातील किंवा नदीतील शोधकार्यासाठी पुरेशी नसतात. कृष्णा व वारणा यांच्या पुरात पाणी गढूळ, प्रवाह वेगवान आणि तळाशी झाडे-तारांचा अडथळा असतो. अशा पाण्यात उतरण्यासाठी दोरीच्या साहाय्याने काम करणारे पथक, काठावरील नियंत्रक आणि स्वतंत्र प्रशिक्षण आवश्यक असते.