उपटू नका, इजेक्ट करा!

सबमिशनचा शेवटचा दिवस. झेरॉक्सच्या दुकानात तोबा गर्दी. मागून कुणीतरी ‘अरे, आटप ना’ म्हणून ओरडतंय. स्क्रीनवरची हिरवी पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचते आणि त्याच क्षणी पेनड्राइव्ह खस्सकन ओढून खिशात! यातले आपण नाही, असं छातीठोकपणे किती जण सांगू शकाल? ‘इजेक्ट वगैरे कोण करत बसतं? आजवर काही झालं नाही’ हे तर ठरलेलं उत्तर. ते खोटंही नाही. बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. प्रश्न त्या एका वेळेचा आहे, जेव्हा होतं.

पट्टी भरली, काम नाही!

हॉटेलात वेटरला ऑर्डर दिली की तो ‘हो, आलंच’ म्हणतो. म्हणजे डोसा टेबलावर आला का? नाही. कॉम्प्युटरचंही तसंच. त्याची मेमरी, म्हणजे रॅम, प्रचंड वेगवान आणि पेनड्राइव्ह तिच्या मानाने भलताच संथ. तुमचा वेळ वाचावा म्हणून कॉम्प्युटर फाइल आधी मेमरीत घेऊन ठेवतो, तुम्हाला ‘झालं’ सांगून मोकळा होतो आणि मागच्या मागे ती ड्राइव्हवर लिहीत राहतो. याला म्हणतात राइट कॅशिंग. तुम्ही मध्येच ड्राइव्ह ओढलात, तर मेमरीत उरलेला भाग तिथेच राहतो आणि तुमच्या खिशात जाते अर्धवट फाइल.

‘इजेक्ट’ म्हणजे कॉम्प्युटरला विचारणं, ‘बाबा रे, झालं का सगळं लिहून?’ मग तो उरलेला डेटा लिहून टाकतो, उघड्या फाइल्सचा हिशोब मिटवतो आणि ‘आता काढा’ सांगतो.

एक फाइल की अख्खा ड्राइव्ह?

गेली तर शेवटची फाइल जाईल, असं वाटतं ना? नेहमीच तसं होत नाही. ड्राइव्हवर फाइल्ससोबत त्यांची अनुक्रमणिकाही असते. कोणती फाइल कुठून सुरू होते, कुठे संपते, याची ही नोंद. नवीन फाइल टाकली की ही नोंदही बदलते. ती बदलत असतानाच ड्राइव्ह निघाला, तर जुन्या फाइल्सही सापडेनाशा होऊ शकतात. डेटा आत असतो, पण कुठे आहे हे सांगणारं पान फाटलेलं असतं.

पेनड्राइव्ह सहसा ‘फॅट ३२’ किंवा ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. विंडोजच्या ‘एनटीएफएस’मध्ये अनुक्रमणिकेतल्या बदलांची रोजनिशी ठेवली जाते. त्यामुळे मध्येच गडबड झाली तरी ती सावरायला मदत होते. ‘फॅट ३२’ आणि ‘एक्सफॅट’मध्ये ही सोय नाही.

पण विंडोज तर म्हणतं चालतं!

हा मुद्दा बरोबर आहे. २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे सेटिंग आपोआप लागू असतं. त्यात ड्राइव्हसाठी राइट कॅशिंग बंद असतं, म्हणून कॉपी पूर्ण झाल्यावर थेट काढलं तरी सहसा चालतं. पण यात दोन मेख आहेत. एक, फाइल अजून लिहिली जात असेल तर हे सेटिंगही वाचवू शकत नाही. दोन, कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर कुणी ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडून ठेवलं असेल, तर इजेक्ट करणं भागच आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर काय आहे हे बघायचंय? ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्क ड्राइव्ह्ज’ उघडा, तुमच्या ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि ‘पॉलिसीज’ बघा.

मॅकवाल्यांना ही सूट नाही. न विचारता ड्राइव्ह काढला की ‘डिस्क नॉट इजेक्टेड प्रॉपर्ली’ हा टोमणा मिळतोच. लिनक्सवर तर पट्टी भरल्यावरही मागे लिखाण चालू असणं नेहमीचंच. आणि ओटीजीने पेनड्राइव्ह मोबाइलला जोडत असाल, तर अँड्रॉइडच्या नोटिफिकेशनमध्येही ‘इजेक्ट’ असतं बरं का!

हार्डडिस्कला जास्त जपा

पोर्टेबल हार्डडिस्कच्या आत तबकड्या गरागरा फिरत असतात आणि त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतरावर वाचणारं-लिहिणारं ‘हेड’ तरंगत असतं. इजेक्ट केलं की हेड आपल्या जागी जाऊन बसतं. अचानक वीज तुटली तरी ते घाईघाईने मागे घेण्याची सोय असते, पण ती आणीबाणीसाठी, रोजच्या वापरासाठी नाही. म्हणून इजेक्ट केल्यावरही तबकड्या थांबेपर्यंत काही सेकंद डिस्क हलवू नका. एसएसडीत फिरणारं काही नसतं, पण अर्धवट लिखाणाचा धोका तिथेही असतोच.

‘डिव्हाइस इज इन यूज’ आलं तर?

चिडून ओढू नका. ड्राइव्हवरची एखादी फाइल, व्हिडिओ प्लेअर किंवा फोल्डरची खिडकी उघडी असेल, ती बंद करा. तरीही ऐकत नसेल तर कॉम्प्युटर सरळ शट डाउन करा आणि मग ड्राइव्ह काढा. स्लीप म्हणजे शट डाउन नव्हे!

आणि एक गोष्ट. हातातला ड्राइव्ह बऱ्याचदा एकट्याचा नसतो. त्यात चौघांचं प्रोजेक्ट असतं, एकांकिकेचं म्युझिक असतं, शॉर्ट फिल्मचं फुटेज असतं. घाई एकाची आणि रात्र जागून काढायची सगळ्यांनी, हे काही बरं नाही.

हे लक्षात ठेवा

• पेनड्राइव्हवरूनच फाइल उघडून काम करू नका. आधी डेस्कटॉपवर घ्या, काम संपलं की परत कॉपी करा आणि सार्वजनिक कॉम्प्युटरवरची प्रत डिलीट करा.

• ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. पण दिवा शांत आहे म्हणून इजेक्ट टाळूही नका.

• ड्राइव्ह जोडल्यावर ‘फॉरमॅट करा’ असा मेसेज आला तर ‘कॅन्सल’ दाबा. त्यावर नवीन काहीही टाकू नका. ‘फोटोरेक’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने बऱ्याचदा फाइल्स परत मिळतात. मिळालेल्या फाइल्स मात्र दुसऱ्या ड्राइव्हवर सेव्ह करा.

• हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर घरगुती प्रयोग थांबवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

• इजेक्ट केल्याने ड्राइव्ह हरवायचा थांबत नाही. महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती हव्यातच: एक लॅपटॉपवर, एक ड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर.