माळ्यावरचा लॅपटॉप

आमच्या घराच्या माळ्यावर सुपे, फुटकी घागर आणि जुन्या कंदिलांच्या सोबतीला एक लॅपटॉपही कित्येक वर्षे पडून होता. थोरल्या बंधूंनी आखातातील नोकरी सोडून गावी परत येताना २००८ साली तो आणला. पुढे तो इतका मंद झाला की सुरू करून चहा करावा, पिऊन कप धुवावा, तरी पडद्यावरील चक्र फिरतच असावे. यंदा आमची कन्या अकरावीत गेली आणि तिला संगणकाची गरज भासू लागली. नव्याची किंमत विचारून आम्ही मुकाट्याने घरी परतलो. तालुक्याच्या गावी एका दुकानदारास जुना दाखविला, तेव्हा त्याने तो उघडूनही न पाहता "भंगारात घाला" असा सल्ला दिला.

दुकानदाराचेही सर्वस्वी चुकले असे म्हणवत नाही. त्या लॅपटॉपवर विंडोज ७ ही प्रणाली होती. तिला कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला निदान ४ जीबी स्मृती आणि टीपीएम नावाची विशिष्ट सुरक्षा-व्यवस्था लागते. आमच्या यंत्रात स्मृती अवघी २ जीबी. यंत्र धडधाकट असूनही त्यावर चालणारी प्रणाली निकामी झाली, असा हा प्रकार.

नाताळच्या सुट्टीत बेळगावाहून भाचा आला. तो तंत्रनिकेतनात शिकतो. लॅपटॉप उलटा करून, तळाची चिठ्ठी वाचून तो म्हणाला, "मामा, ह्यावर लिनक्स चढवू या."

लिनक्स म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनुस टोरवाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली आपल्या संगणकासाठी एक गाभा लिहिला आणि तो लोकांपुढे खुला ठेवला. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ पासून चालविलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने त्यास जोडली गेली आणि कोणासही विनामूल्य घेता, पाहता व बदलता येईल अशी संपूर्ण प्रणाली तयार झाली. तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या निरनिराळे गट बांधतात. त्यांपैकी १९९३ साली सुरू झालेली डेबियन आम्ही निवडली. गंमत अशी की, टोरवाल्ड्स ह्यांनी ज्या ३८६ जातीच्या संगणकावर आरंभ केला, त्या जातीचा आधार लिनक्सने २०१३ च्या आवृत्तीत काढून टाकला. तेव्हा जुन्या यंत्रांचा हा सोबतीही सर्वांना अखेरपर्यंत सांभाळीत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

भाच्याने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर डेबियनची १३ वी आवृत्ती उतरविली होती. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू झाला. ह्यास 'लाइव्ह' पद्धती म्हणतात. हिच्यात मूळ डिस्कला हात न लावता नवी प्रणाली चालवून पाहता येते, आणि पडदा, आवाज, कळफलक ही सर्व अंगे तिला ओळखता येतात की नाही ते आधीच कळते. आमच्या यंत्रात सारे ठीक दिसले. केवळ वायफाय मुके होते. तथापि माझा उत्साह दांडगा. स्थापनेच्या पडद्यावर "संपूर्ण डिस्क पुसा" असा पर्याय दिसताच मी त्यावर बोट नेले.

"मामा, थांबा! आत काय आहे ते पाहिलेत का?"

पाहिले नव्हते. त्याच लाइव्ह प्रणालीतून आम्ही जुनी डिस्क उघडली. आत धाकट्या बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे निघाली आणि त्यांच्यामागून आमच्या आईची. ती विहिरीच्या कठड्याशी उभी आहे, पदर खोचलेला आहे आणि छायाचित्र घेणाऱ्या बंधूंवर ती रागावलेली आहे. ते वर्ष तिच्या आयुष्याचे अखेरचे ठरले. कागदावर उतरविलेले तिचे चित्र घरात एकच, तेही रेशन कार्डावरचे. माझे बोट आणखी क्षणभर खाली गेले असते तर— असो. वाचकांपैकी कोणी हे काम हाती घेणार असेल, तर त्याने प्रथम सर्व काही दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, उतरविलेले उघडून पाहावे आणि मगच पुढे जावे. आमचे तेवढ्यावर दोन तास गेले.

प्रत्यक्ष स्थापनेस तासही लागला नाही. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, आणि आमच्याकडील विजेचा भरवसा नाही. म्हणून शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवरून तार ओढून ते कार्य उरकले. मेजाची मांडणी एक्सएफसीई नामक हलक्या पद्धतीची घेतली, कारण स्मृती बेताची.

खरी कटकट वायफायची. एलएसपीसीआय ही आज्ञा दिल्यावर त्या चिपचे नाव कळले आणि भाचा हसू लागला. ह्या जातीच्या चिपची माहिती तिच्या निर्मात्यांनी खुली केली नव्हती. तेव्हा स्वयंसेवकांच्या एका गटाने कंपनीच्या प्रणालीचे वर्तन तपासून वर्णन लिहिले आणि दुसऱ्या गटाने केवळ ते वर्णन वाचून लिनक्ससाठी चालक लिहिला, जेणेकरून नक्कल केल्याचा ठपका येऊ नये. तो चालक २००६ साली लिनक्सच्या गाभ्यात आला. त्याचा बी४३ हा वारस आजही त्यात आहे. पण चिपच्या पोटात भरावयाची फर्मवेअर वाटण्याची परवानगी नसल्याने डेबियन ती सोबत देत नाही. इंटरनेटवरून आणावी लागते. इंटरनेट मिळण्यासाठीच इंटरनेट हवे! उपाय साधा निघाला. मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केले, डेबियनच्या भांडाराचे 'कॉन्ट्रिब' हे दालन उघडले आणि फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर हे पॅकेज घेतले. पुन्हा सुरू करताच वायफायचा दिवा लागला.

सर्वच साधले असे नव्हे. बोटाचा ठसा ओळखणारे यंत्र अजून गप्प आहे. झाकण मिटले की लॅपटॉप झोपतो व पुन्हा उठत नाही, म्हणून ती झोपच बंद करून टाकली. फायरफॉक्समध्ये चार-पाच पृष्ठे एकदम उघडली की तो धापा टाकतो. परंतु लिब्रेऑफिसमध्ये निबंध लिहिणे, धड्यांच्या पीडीएफ वाचणे, ही कामे बिनतक्रार होतात. देवनागरी कळफलकही आतच आहे. इन्स्क्रिप्टची मांडणी कन्येने आठवडाभरात हाताखाली घातली. डेबियनच्या स्थापनेतील सूचनादेखील मराठीत घेता येतात, हे आम्हांस उशिरा कळले.

आईचे छायाचित्र बेळगावाहून कागदावर काढून आणले आहे. बंधू ते पाहून काही बोलले नाहीत, काच बसविण्यासाठी घेऊन गेले.

ही वार्ता वाडीत पसरली आणि परवा शेजारच्यांनी आपलाही जुना लॅपटॉप आणून दिला. तो ३२ बिटांचा निघाला. डेबियनच्या १३ व्या आवृत्तीत, २०२५ पासून, त्या जातीसाठी स्थापनेची सोय नाही. म्हणून त्यावर १२ वी चढवावयाची आहे. भाचा रविवारी येतो आहे. तोवर त्यांच्या डिस्कवर काय काय आहे, ते आम्ही उतरवून घेत आहोत.