चरख्याची कसोटी

"सर, संगणक म्हणतो, 'श्यामची आई' आपल्याकडे नाहीच." आठवीतली ती मुलगी तक्रार करीत होती आणि तिच्या पाठीमागच्या कपाटात त्या पुस्तकाच्या चार प्रती मला स्पष्ट दिसत होत्या. वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेचे ग्रंथालय मी सव्वीस वर्षे सांभाळतो आहे. गहाळ झालेली पुस्तके पाहिली, वाळवीने पोखरलेली पाहिली, परत आलीच नाहीत अशीही पाहिली. पण पुस्तक जागेवर असून 'नाही' ठरते, हा अनुभव मात्र यंत्राने दिला.

दोष त्या मुलीचा नव्हता. खरे म्हणजे यंत्राचाही नव्हता. २००४ साली शाळेने पहिले सॉफ्टवेअर विकत घेतले तेव्हा आम्ही एकच प्रश्न विचारला होता, किंमत किती? नऊ हजार पुस्तकांच्या नोंदी मी दोन दिवाळीच्या आणि एका उन्हाळ्याच्या सुटीत केल्या. मराठी अक्षरे त्या काळच्या एका ठरावीक फॉन्टमध्ये उमटत. फॉन्ट आहे तोवर मराठी. तो नसला की त्याच नोंदी म्हणजे कंस, टिंबे आणि इंग्रजी अक्षरांचा काला. पुढे विक्रेत्याने धंदा बदलला, त्याचा फोन लागेनासा झाला आणि एका मे महिन्यात संगणकानेही मान टाकली. नव्या संगणकावर नोंदी आल्या त्या अशा विटलेल्या. जमतील तेवढ्या पुन्हा टंकित केल्या, बाकीच्या राहिल्या. 'श्यामची आई' त्या राहिलेल्यांत होती.

त्या तक्रारीनंतर नवे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले. मुख्याध्यापिका, मी, संगणकातले जाणणारे एक पालक आणि आमचे कार्यालयातले बाबू अशी चौघांची समिती बसली. विक्रेत्यांची प्रात्यक्षिके झाली. पडद्यावर सगळे झकास दिसे, कारण दाखवण्यासाठी आणलेली पुस्तके बहुधा इंग्रजी असत. पहिल्या बैठकीतला पहिला प्रश्न पुन्हा तोच निघाला, किंमत किती?

पुढच्याच रविवारी मी मुलांना घेऊन वर्ध्याच्या मगन संग्रहालयात गेलो. गांधीजींनी १९३८ साली उद्घाटन केलेल्या या वास्तूत चरख्यांचे नाना प्रकार मांडले आहेत. त्यांच्यासमोर उभे असताना मला १९२९ सालच्या एका बक्षिसाची आठवण झाली. सुधारित चरखा बनवणाऱ्यास अखिल भारत चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. गांधीजी यंत्राचे वैरी होते, असे आपण सहज बोलून जातो. पण हे बक्षीस यंत्रासाठीच होते, आणि त्याच्या अटी वाचण्याजोग्या आहेत. चरखा हलका हवा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा, देशातच बनावा, किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. वेळच्या वेळी देखभाल केली तर वीस वर्षे चालावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा. किंमत या यादीत आहे, पण एकटी नाही. यंत्र कोणाच्या हातात राहणार, बिघडले तर कोण दुरुस्त करणार आणि किती दिवस टिकणार, हे प्रश्नही तिच्या बरोबरीने विचारलेले आहेत. आम्ही २००४ साली नेमके हेच विचारले नव्हते.

दुसऱ्या बैठकीला मी वही घेऊनच गेलो. पहिली कसोटी नावांची. एक मूल 'कुसुमाग्रज' मागते, दुसरे 'शिरवाडकर' म्हणते, माणूस एकच. 'ग्रेस' म्हणजे माणिक गोडघाटे, 'साने गुरुजी' म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. जुन्या कार्डांच्या कपाटात आम्ही 'शिरवाडकर, वि. वा. : पाहा कुसुमाग्रज' असे एक जादा कार्ड लावीत असू. यंत्राला हे 'पाहा' जमते का?

दुसरी कसोटी शुद्धलेखनाची. १९६२ साली नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'नांव', 'कांहीं' असे छापलेले असते; आजचे मूल 'नाव', 'काही' असेच शोधणार. एकाच पुस्तकाला दोन्ही रूपांनी गाठता आले पाहिजे. 'ॲ'ची गंमत तर आणखी वेगळी. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी ते 'अ'वर चंद्र चढवून लिहीत आणि अजूनही कित्येक जण तसेच लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखी, यंत्राला मात्र निराळी.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. उद्या तुमच्याशी आमचे पटले नाही, तर आमच्या नोंदी आम्हाला दुसरीकडे वापरता येतील अशा स्वरूपात परत मिळतील का? ग्रंथालयांच्या जगात 'मार्क' नावाचा नोंदीचा सर्वमान्य साचा १९६० च्या दशकापासून आहे. त्यात नोंदी बाहेर काढता आल्या की सॉफ्टवेअर बदलले तरी श्रम वाया जात नाहीत. हा प्रश्न ऐकून एक विक्रेता हसला. "सर, लग्नाआधीच घटस्फोटाचं बोलता?" मी म्हणालो, "एकदा पोळलो आहे."

पर्याय कमी नव्हते. पुण्यात तयार झालेले 'स्लिम' होते. इन्फ्लिबनेटचे 'सोल' होते, पण ते मुळात विद्यापीठांसाठी घडवलेले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'ई-ग्रंथालय' होते, ते प्रामुख्याने शासकीय ग्रंथालयांसाठी. आणि 'कोहा' होते. त्याची गोष्ट मला आपल्यासारखीच वाटली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच निकामी होणार होती. दुसरी महागडी प्रणाली घेण्याऐवजी त्यांनी १९९९ साली आपल्या गरजेची नवी करवून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली आणि जगाला मुक्तपणे देऊन टाकली. 'कोहा' हा माओरी शब्द. अर्थ भेट, पण परतफेडीची जाण ठेवून दिलेली भेट.

"सर, फुकटचं हाय म्हनता, पन बिघडलं त कोन पाहीन?" आमच्या बाबूंनी विचारले. हा प्रश्न चरख्याच्या अटींमध्ये शोभण्यासारखा होता. 'कोहा' विकत घ्यावे लागत नाही, हे खरे. पण ते बसवायला जाणकार लागतो, सांभाळायला माणूस लागतो, रोज नोंदींची दुसरी प्रत काढून ठेवावी लागते. वीज गेली तर काम वहीवर चालवावे लागते. पालकांनी बसवून देण्याचे कबूल केले, पण मी एक अट घातली : येत्या वर्षभरात बाबूंना आणि मला हे सारे स्वतः करता आले पाहिजे. मुख्याध्यापिकांनी दुरुस्तीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवली. दाखल नोंदवही मात्र कागदावरच चालू ठेवली. तिला ना फॉन्ट लागतो, ना वीज.

मग नोंदी तपासण्याचे काम आठवीच्या मुलांना दिले. १९३७ साली वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. हाताने काम करता करता शिकावे, हा तिचा गाभा. पुस्तक हातात घ्यायचे, पडद्यावरची नोंद मोठ्याने वाचायची, चूक सापडली की सांगायचे. कुसुमाग्रजांचे खरे नाव मुलांना पाठ करावे लागले नाही. माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकाही त्यांनी पुष्कळ काढल्या. एका सत्रात सारी कपाटे झाली नाहीत. अजून संदर्भग्रंथ बाकी आहेत.

परवा ती मुलगी पुन्हा संगणकाशी बसली होती. "सर, सापडलं! 'श्यामची आई', चार प्रती. तीन कपाटात, एक बाहेर."

"कोणाच्या नावावर?" मी विचारले.

ती क्षणभर घुटमळली. "तुमच्या, सर. मुदत संपून अकरा दिवस झाले."