जालन्याच्या धुळीत इंजिन ऑइलची मुदत

दहा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, यांपैकी जे आधी भरेल ते, असा दंडक पुष्कळ मोटारींच्या पुस्तिकेत आढळतो. परंतु धूळ, उष्मा आणि वारंवारचे अल्प प्रवास यांस ‘कठोर वापर’ मानून ही मुदत घटवण्याची जी सूचना तेथेच दिलेली असते, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. समृद्धी महामार्गावरून एकसारख्या वेगाने धावणारी मोटार आणि एमआयडीसी ते गावात दिवसभर खेपा घालणारी, किंवा भोकरदनकडील शेतरस्त्यांची धूळ खाणारी मोटार, यांस एकच हिशेब लावणे न्याय्य नव्हे. कारण अल्प प्रवासात तेल पुरेसे तापत नाही आणि त्यात मिसळलेले बाष्प व इंधनांश उडून जात नाहीत. अशा कठोर वापरातील मोटारीस सुमारे निम्मी मुदत इष्ट.

तेल काळे पडले म्हणजे निकामी झाले असे बेलाशक मानू नये. काजळी स्वतःत धरून ठेवणे हे त्याचे कर्तव्यच आहे. तेलाची पातळी पाहताना सपाट जागी, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी, डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी व बाहेर काढून पाहावी. पातळी दोन खुणांच्या दरम्यान असावी. तेलासोबत फिल्टरही बदलावा, ग्रेड पुस्तिकेबरहुकूम घ्यावी, आणि जुने तेल नालीत न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रियेस पोहोचेल अशी तजवीज करावी.