खांदा आणि क्रियापद

धारच्या भोजराजाची एक आख्यायिका आपल्यापैकी अनेकांनी शाळेत संस्कृतच्या तासाला ऐकली असेल. महाराज पालखीतून निघाले होते. भोई कमी पडला म्हणून वाटेतल्या एका कृश विद्वानालाच पालखीला जुंपण्यात आले. तो धापा टाकू लागला तेव्हा राजाला करुणा आली आणि त्याने संस्कृतात विचारले, ओझ्याने खांद्याला पीडा होते काय? बोलण्याच्या ओघात 'बाधते' हे शुद्ध रूप राहून गेले व राजाच्या मुखातून 'बाधति' असे अशुद्ध रूप निघाले. त्यावर त्या पंडिताने उत्तर दिले, की खांद्याची पीडा एक वेळ सोसवते, महाराजांचे 'बाधति' सोसवत नाही. ही कथा इतर राजांच्या नावावरही सांगतात. आम्ही धारकर मात्र ती भोजाखेरीज दुसऱ्या कोणाला द्यायला तयार नसतो.

शाळेत असताना या उत्तरावर आम्ही कौतुकाने माना डोलावल्या. पुढे वैद्यकीय व्यवसायात पडल्यावर मला वेगळीच शंका छळू लागली. राजाने विचारपूस केली होती ती खांद्याची. क्रियापद दुरुस्त झाले. खांद्याचे पुढे काय झाले, हे कोणीच सांगत नाही.

व्याकरणाचा अभिमान धारच्या मातीतच आहे म्हणा ना. भोजाच्या नावावर 'सरस्वतीकंठाभरण' या एकाच नावाचे दोन ग्रंथ आहेत, आणि त्यांपैकी एक व्याकरणाचा आहे. भोजशाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत नागाच्या वेटोळ्यांमध्ये वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय कोरलेले सर्पबंध लेख आहेत. तशाच प्रकारचे लेख उज्जैनला व निमाडातील ऊन येथेही आढळतात. इतक्या चिकाटीने दगडावर प्रत्यय कोरणाऱ्यांच्या गावात माझे बालपण गेले. त्यामुळे इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या मास्तरांनी एका चुकलेल्या स्पेलिंगसाठी तोच शब्द पन्नास वेळा लिहून घ्यावा, यात मला कधी काही गैर वाटले नाही.

देवासला आल्यावर या अभिमानाला आणखी एक पुस्ती जोडली गेली. ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ साली काही महिने देवास थोरली पाती संस्थानात महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. त्या वास्तव्यावरील त्यांचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. ज्या गावात फॉर्स्टरसाहेबांनी पत्रे लिहिली त्या गावात आपले इंग्रजी निर्दोषच असले पाहिजे, असा माझा उगीचच समज होता. खुद्द इंग्रजांनी आमच्या पवारांचे 'पुआर' करून ठेवले होते, याची तेव्हा आठवण राहिली नाही.

आपल्या व्यवसायातील इंग्रजीच्या चुका हा कोणत्याही वैद्यकीय परिषदेत चहाच्या वेळी रंगणारा विषय आहे. 'पेशंट इज हॅव्हिंग फीवर सिन्स थ्री डेज' हे वाक्य तर माळव्यातील निम्म्या केसपेपरांवर सापडेल. आपण मराठीत 'तीन दिवसांपासून' म्हणतो, हिंदीत 'तीन दिन से'. कालावधी सांगायचा असो वा आरंभ, आपला प्रत्यय एकच. इंग्रजीत मात्र कालावधीला 'फॉर' आणि आरंभाला 'सिन्स' अशी दोन दारे आहेत, आणि आपण दोघांनाही एकाच दारातून आत घेतो. प्रोस्टेट ग्रंथीत एक जादा 'आर' घुसवून तिला 'प्रोस्ट्रेट', म्हणजे साष्टांग पालथी पाडणारेही पुष्कळ. लग्नासाठी आलेल्या एका माहितीपत्रकात 'पास्ड आउट इन १९८५' असे वाचून माझ्या एका मित्राने विचारले होते, की गृहस्थ अजून शुद्धीवर आले नाहीत काय? इंग्रजीत 'पास आउट' होणे म्हणजे मूर्च्छा येणे, ही आपल्याला पाठ असलेली गोष्ट; पदवी घेताना मात्र आपण सगळेच मूर्च्छित होतो.

यातली गंमत अशी, की आज ज्याला आपण चूक म्हणतो तेच उद्या शुद्ध ठरते, आणि शुद्ध म्हणून मिरवलेले चुकीचे निघते. 'फीटस' या शब्दात 'ओ' घातला नाही म्हणून आमच्या पिढीने परीक्षकांची बोलणी खाल्ली आहेत. मूळ लॅटिन शब्दात तो 'ओ' नव्हताच. चुकीच्या व्युत्पत्तीमुळे तो मध्येच घुसला. ब्रिटनमधील वैद्यकीय लिखाणातूनही आता तो बाहेर पडला आहे. 'फ्रुसेमाइड' लिहिणारा आमच्या काळी बरोबर होता. २००३ पासून ब्रिटननेही आंतरराष्ट्रीय नाव स्वीकारून 'फ्युरोसेमाइड' केले, 'लिग्नोकेन'चे 'लिडोकेन' केले. पन्नास वेळा लिहून घोटलेली अक्षरे अशी एका परिपत्रकासरशी निवृत्त होतात.

उच्चारांचे तर विचारूच नका. 'डाक्टर साब', 'इस्कूल', 'इस्प्रे', 'वोमिटिंग' यांवर आपण मराठी मंडळी हसतो. शब्दारंभी 'स'ला जोडून दुसरे व्यंजन आले की आधार म्हणून 'इ' लावणे ही हिंदी बोलणाऱ्या जिभेची सोय आहे. इंग्रजी 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोहोंना एकाच 'व'वर भागवणे ही आपली. आपल्याला आपली सोय ऐकू येत नाही, इतकेच. मध्य प्रदेश शासनाने १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित करवली. त्यांत इंग्रजी संज्ञा बऱ्याच ठिकाणी तशाच देवनागरीत दिल्या आहेत. नव्या विद्यार्थ्यांची स्पेलिंगची कटकट त्यामुळे थोडी कमी होईल, आणि उच्चारांचे वाद छापील होतील, असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्यांच्या इंग्रजीवर असे चिडणारे आपण, आपल्या मराठीवर मात्र पुण्याचे आप्त चिडतात. माझी एक आत्या दिवाळीत देवासला आली की तिचा निम्मा वेळ आमची वाक्ये सरळ करण्यात जाई. 'येऊन राहिलो आहे' म्हटले की ती कपाळाला हात लावी. एकदा मी तिला औषध देऊन म्हणालो, "आत्या, ही गोळी सकाळी खाली पोटी घ्यायची." ती म्हणाली, "अरे, पोटाच्या खाली काय घ्यायचे? रिकाम्या पोटी म्हण, उपाशी पोटी म्हण!" घरात हशा पिकला. दवाखान्यात मात्र हाच घोटाळा हसण्यासारखा राहत नाही. हिंदीत 'फेफडा' म्हणजे फुप्फुस. मराठीत 'फेफरे' म्हणजे अपस्मार. हिंदी रुग्णाची 'पथरी' म्हणजे मुतखडा. आपल्या जुन्या मराठी बायकांची 'पांथरी' म्हणजे प्लीहा. मराठी माणूस 'जुलाब होतात' म्हणतो तेव्हा त्याला हगवण लागलेली असते. हिंदीत 'जुलाब' हे मुख्यतः पोट साफ करण्यासाठी घ्यायचे औषध. आणि 'कल से' ऐकले की उद्या नव्हे, काल, हे ताडायला आमच्यापैकी नव्याने पुण्या-मुंबईहून शिकून आलेल्यांना आठवडाभर लागतो. मालवी म्हातारा 'म्हारो माथो दुखे' म्हणतो, त्यात कुठलाही संभ्रम नाही. शुद्धाशुद्धतेच्या परीक्षेत तो कुठेच बसत नाही, निदानाच्या कामी मात्र त्याच्याइतके स्पष्ट कोणी बोलत नाही.

हे शहाणपण मला उशिरा आले. ज्या प्रसंगाने आले तो सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला, आणि तो टाळण्यासाठीच बहुधा इतका वेळ भोजराजाच्या पालखीमागून चाललो.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या एका लहान गावातील एक तरुण डॉक्टर माझ्याकडे रुग्ण पाठवीत असत. त्यांनी एका निवृत्त शिक्षकांना पत्र देऊन धाडले. पत्रात 'पाल्पेशन सिन्स टू मंथ्स' होते. त्यांना म्हणायचे होते 'पाल्पिटेशन', म्हणजे धडधड. लिहिले होते हाताने चाचपून पाहणे. खाली आणखी चार-पाच तसलेच मोती. मी लाल पेन्सिलीने सगळे अधोरेखित केले आणि त्या रविवारी मित्रमंडळीत ते पत्र मोठ्याने वाचून दाखवले. खूप हसलो. त्या पत्रातील निदान थायरॉइडच्या अतिस्रावाचे होते आणि ते अगदी अचूक होते, ही गोष्ट हसण्याच्या भरात कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

शिक्षकांना मी कार्बिमाझोल लिहून दिले. सोबत त्या तरुण डॉक्टरांना उत्तर पाठवले. त्यातील प्रत्येक 'फॉर' आणि 'सिन्स' आपापल्या जागी होता. अर्धविराम तर मी मुद्दाम, दिसावेत म्हणून घातले होते.

दहाव्या दिवशी शिक्षक परत आले ते पत्नीच्या हाताचा आधार घेऊन. पाऊल वाकडे पडत होते, डोळे मिटत होते, आणि छातीची धडधड तशीच. मी मेंदूच्या विकारांच्या शक्यता मनात मांडू लागलो. तेवढ्यात त्यांच्या पत्नीने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि संकोचाने म्हणाल्या, "डाक्टर साब, यही गोली तो मेरे भतीजे को मिरगी के लिए देते हैं."

पट्टीवर कार्बामाझेपीन होते, दोनशे मिलिग्रॅमचे. दिवसातून तीन वेळा, दहा दिवस.

मी तावातावाने औषधविक्रेत्याकडे गेलो. त्याने काही न बोलता माझी चिठ्ठी काढून समोर ठेवली आणि म्हणाला, "आपही पढ़ लीजिए, साब." 'कार्ब' पुढे एक लाट होती. शेवटी एक शेपूट होते. गोळी किती मिलिग्रॅमची, हे मी लिहिलेच नव्हते. ते लिहिले असते तर तिथेच त्याला शंका आली असती, कारण दहाची आणि दोनशेची गल्लत होत नाही. स्वतःचेच अक्षर मी दोनदा वाचले, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्या वेळी मलाही ते कार्बामाझेपीनच वाटले.

शिक्षकांना औषध बदलून दिले. चक्कर व झोपाळूपणा काही दिवसांत ओसरला, थायरॉइडला पुढे काही आठवडे लागले. मी त्यांची क्षमा मागितली तेव्हा ते उलट मलाच म्हणाले, "मैंने पर्चा पढ़ने की कोशिश की थी साब, पर मेरी अंग्रेजी कमजोर है." आयुष्यात माझ्या इंग्रजीवर पुष्कळांनी अभिप्राय दिले आहेत. हा एवढाच लक्षात राहिला आहे.

असले घोटाळे जगभर होतात, हे नंतर वाचनात आले. अमेरिकेत 'लोसेक' हे आम्लपित्तावरचे औषध आणि 'लॅसिक्स' हे लघवी वाढवणारे औषध हस्ताक्षरात सारखी दिसू लागली, म्हणून १९९० साली पहिल्याचे नाव 'प्रायलोसेक' करावे लागले. 'अ‍ॅम्रिनोन' आणि 'अमिओडेरोन' यांच्या गल्लतीपायी २००० साली पहिल्याचे नाव तिथे 'इनॅम्रिनोन' झाले. इन्सुलिनच्या युनिटसाठी लिहिलेला 'यू' शून्यासारखा दिसला की चाराचे चाळीस होतात. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आचारसंहितेत दुरुस्ती करून औषधे जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहावीत असे सांगितले. २०२० मध्ये त्या परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. आपली अक्षरे बव्हंशी होती तिथेच आहेत.

मी स्वतः त्या दिवसापासून सगळी औषधे मोठ्या अक्षरांत लिहितो, मिलिग्रॅम लिहितो, आणि प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आहे हे हिंदीत दोन शब्दांत लिहितो. 'थायरॉइड के लिए', 'धड़कन के लिए'. वेळ लागतो. बाहेर बसलेले लोक कुरकुरतात. वाचता येणारा रुग्ण किंवा त्याच्या घरची सातवीतली मुलगी हे शब्द पडताळून पाहते, आणि आजवर दोनदा त्यांनीच फोन करून मला विचारले आहे, की दुकानदाराने दिलेली पट्टी हीच ना?

त्या तरुण डॉक्टरांना मी पुन्हा एक पत्र लिहिले. तुमचे निदान बरोबर होते, चूक माझी झाली, असे कळवले. रविवारच्या वाचनाबद्दल मात्र लिहिण्याचे धैर्य झाले नाही. त्यांचे उत्तर आठवड्याभरात आले. रुग्णाची नाडी आता किती आहे, वजन किती वाढले, हात थरथरतात का, सगळे व्यवस्थित लिहिले होते. शेवटी, पुढील तपासणीनंतर 'आय विल रिव्हर्ट बॅक' असे आश्वासन होते. लाल पेन्सिल टेबलावरच होती. हातात घेतली नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. घेतली, आणि पत्रातील नाडीच्या आकड्याभोवती एक वर्तुळ काढले, कारण तो अजून थोडा जास्तच होता.