नरखेडहून नागपूर दूर आहे!

नरखेड तालुक्यातील एखाद्या संत्राबागाइतदाराच्या छातीत मध्यरात्री कळ उठली, तर त्याने जावे कोठे? नागपूर सुमारे ८५ किलोमीटर दूर. आणि हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत अडकलेली गुठळी कोणासाठी थांबत नाही.

ही गुठळी बारीक नळीने शोषून काढण्याच्या युक्तीचा मध्यंतरी मोठा गाजावाजा झाला. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘टोटल’ चाचणीत सरसकट शोषणाने मृत्यू घटले नाहीत; पक्षाघात मात्र अधिक आढळले. आता ती युक्ती निवडक रुग्णांपुरतीच उरली आहे.

रोहिणी फुग्याने उघडण्याचा उपचार दोन तासांत मिळणे शक्य नसेल, तर विशेष धोका नसल्यास गुठळी विरघळविणारे इंजेक्शन अविलंब द्यावे व मग रुग्णास मोठ्या रुग्णालयाकडे न्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. तेव्हा हृदयालेख, हे औषध आणि जाणता डॉक्टर तालुक्यातच अहोरात्र हवा, अशी आमची मागणी आहे. शासनाने ती पुरवावी. आणि नागरिकांनीही ‘गॅस असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. अशा रात्रीची सकाळ प्रत्येकाला दिसतेच असे नाही.